पात्राच्या आतली तीट

सावळीराम बोरस्ते यांच्या उजव्या हाताला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठा मान होता. लेथ थांबवून ते पोलादाच्या गोलाईवरून तर्जनी हलकेच फिरवीत आणि म्हणत, "अजून एक केस जास्त आहे." मग मायक्रोमीटर लावून पाहिले की तो केस तिथे सापडत असे. विद्या ग्रंथात राहते तशी ती माणसाच्या त्वचेतही वस्तीला येते, हे पटण्यासाठी या मनुष्याला काम करताना एकदा पाहणे पुरेसे होते.

पिंपळगाव बसवंतजवळच्या वाडीतून ते नाशिकात आले, बारा वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून उभे राहिले, आणि १९९१ च्या दसऱ्याला त्यांनी स्वतःची शेड उघडली. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि आर्गन वेल्डिंगला त्यांच्याच गावचा झुंबर. झुंबरची जीभ त्याच्या ज्योतीइतकीच तीक्ष्ण होती. पण त्याने घातलेल्या सांध्यातून पाण्याचा थेंब कधी पाझरला नाही.

शेडमधून नव्या तऱ्हेचा जॉब प्रथमच बाहेर पडणार असला की सावळीरामांच्या पत्नी सिंधुबाई सिडकोतल्या घरून चालत येत आणि त्यावर हळदकुंकू वाहत. पंप असो, व्हॉल्व्ह असो, यंत्राचा दांडा असो. घरातून बाहेर जाणारी वस्तू ही त्यांच्या लेखी सासरी किंवा परगावी निघालेले लेकरूच. लेक उज्वला तान्ही असताना इतर बाया मुलांच्या गालावर तीट लावीत. सिंधुबाई लावीत ती तळपायाला. सासूने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "गालावरची पुसतात सगळे मुके घेऊन. जिथं कोणाचा हात जात नाही तिथं लावलेली टिकते." एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून जमवलेली काजळी त्या साजूक तुपात खलत आणि पितळेच्या एका डबीत भरून ठेवीत. उज्वला मोठी झाली, पदार्थविज्ञानात पदव्युत्तर झाली, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेली. तरी घरातून निघताना तिला चप्पल काढून तळपाय पुढे करावा लागे. ती हसे, पण करी.

२००४ च्या दिवाळीत उज्वला घरी आली ती एक नकाशा घेऊन. पाडव्याच्या सकाळी तिने तो शेडमधल्या टेबलावर पसरला. स्टेनलेस स्टीलचे एक पोकळ पात्र, त्याला सहा बाजूंना सहा नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी सुरीसारखी धार असलेली फ्लँज, म्हणजे जोडणीची कड.

"अप्पा, हे तुम्हीच करायचं. सरांना मी शब्द दिलाय."

"यात काय शिजवणार तुम्ही?" झुंबरने विचारले.

"काही नाही शिजवणार, झुंबरकाका. यातली हवा काढून टाकायची. अगदी सगळी. मग डीएनएचे छोटे छोटे तुकडे आत अधांतरी धरून ठेवायचे, आणि त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे. ते कसे तुटतात ते पाहायचं."

"तोडायलाच एवढा खटाटोप? माझ्याकडं दे, हातोड्यानं तोडतो."

उज्वला हसली आणि टेबलाच्या कडेला बसली. डीएनए म्हणजे जीवाची लांब साखळी, हे सावळीरामांना ठाऊक होते. पुढचे तिने समजावले. त्या साखळीच्या अंगावर विजेचा ऋण भार असतो. इलेक्ट्रॉन हाही ऋण भाराचा. त्यामुळे दोघे एकमेकांना दूर ढकलतात.

"म्हणजे एका चुलीवर दोन जावा," झुंबर म्हणाला.

"तसंच. सावकाश आलेली जाऊ उंबऱ्यावरूनच परत फिरते. पण धावत आलेली थांबत नाही, आत घुसते, आणि साखळी मोडते. किती वेगानं आली तर मोडते, आणि साखळीवर भार वाढला तर तो वेग किती वाढवावा लागतो, हे मला मोजायचंय."

सावळीराम नकाशावरून बोट फिरवीत होते. "मग यात अवघड ते काय?"

"अवघड म्हणजे स्वच्छता. आत थोडा जरी वायू उरला तर साखळी त्याच्यावर आपटूनही मोडते. मग मोडली ती कोणामुळं, हे सांगता येत नाही. अप्पा, आतून उघड्या हाताचं एक बोटसुद्धा लागता कामा नये. बोटाचं तेल महिनोन्महिने उडत राहतं."

ज्या बोटावर आयुष्यभर विसंबले ते बोटच या कामाला वर्ज्य, हे ऐकून सावळीरामांनी नकाशावरचे बोट उचलून घेतले. मग त्यांनी मान डोलावली. लेकीने दिलेला शब्द आता त्यांचा झाला होता.

काम सुरू झाले, आणि संक्रांतीच्या सुमारास सिंधुबाईंचे दुखणे उघड झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, आणि तोही पुढे गेलेला. डॉक्टरांनी शेक सुचवला. किरणांच्या उपचाराला आपल्याकडे सारे शेकच म्हणतात.

"मला नाही करायचं हे," सिंधुबाई म्हणाल्या. "जे हाय ते घरात राहू द्या. मी हिंडतेय-फिरतेय तोवर हिंडू द्या."

सावळीरामांनी बत्तीस वर्षांच्या संसारात प्रथमच त्यांच्यापुढे हात जोडले. "माझ्यासाठी कर, सिंधू." त्या जोडलेल्या हातांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हात खाली करा बाई. येते मी."

पाच आठवडे शेक चालला. एका रविवारी उज्वला उशाशी बसली असता सिंधुबाईंनी विचारले, "त्या मशीनमधून काय येतं गं? दिसत नाय, लागत नाय."

"किरण येतात, आई. ते शरीरात शिरले की आतले इलेक्ट्रॉन सुटतात. मग ते इलेक्ट्रॉन, आणि ते पाण्याचे जे तुकडे करतात ते, असे मिळून गाठीतल्या साखळ्या तोडतात."

"म्हणजे तुझंच काम."

"माझंच काम."

"मग त्यांना कळतं का, चांगली साखळी कुठली नि वाईट कुठली?"

उज्वलाने उशीची सुरकुती सारखी केली. खोटे बोलणे तिच्या शास्त्रात बसत नव्हते आणि आईपुढे तर त्याहून नव्हते. "नाही कळत. दोन्ही तुटतात. पण चांगली पेशी स्वतःला सांधून घेते. वाईट पेशीला तेवढं जमत नाही. त्या फरकावर सगळं चालतं."

"म्हणजे भरवसा माझ्याच अंगावर टाकलाय," सिंधुबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या. दाराशी उभ्या असलेल्या सावळीरामांनी ते हसणे पाहिले.

चैत्रात पात्र पूर्ण झाले. सावळीरामांनी हातमोजे घालून ते आतून तीनदा अ‍ॅसिटोनने धुतले. झुंबरच्या सांध्यांवर मोरपिसाच्या रंगाची बारीक लहर उमटली होती. ते रवाना होण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ते पत्नीला म्हणाले, "उद्या उज्जूचं चेंबर जाणार. पण त्याला हळदकुंकू नको."

सिंधुबाईंचा घास हातात राहिला. "माझ्याच लेकीच्या कामाला नको?"

"नको म्हणजे नको. तिथं चालत नाही ते."

'का' हे त्यांनी सांगितले नाही. आजारी बाईला वायू आणि तेल आणि पोकळी यांचे पाल्हाळ कशाला, असे त्यांच्या मनात आले. पुढच्या आयुष्यात त्यांनी या क्षणाकडे जितक्या वेळा मागे वळून पाहिले तितक्या वेळा बहुधा दुसऱ्या कशाकडेच पाहिले नसेल.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई रिक्षाने शेडवर आल्या. शेकाने शरीर इतके झिजले होते की झुंबरने स्टूल पुढे करताना मान फिरवली. "वहिनी, बघा तुमच्या नवऱ्याची करामत. एवढं तर त्यानं लग्नात बी तोंड धुतलं नव्हतं."

"लग्नात कुठं, अजून बी धूत नायत," त्या म्हणाल्या. पात्राकडे त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. "किती गं बाई लखलखीत. दृष्ट लागंल."

एवढ्यात टेम्पो आला. द्राक्षांच्या पॅकहाउसमधून मागवलेली लाकडी पेटी आणि फोम उतरवायला सावळीराम आणि झुंबर बाहेर गेले. एका नळीच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावायची राहिली होती. दोघे पाच-सात मिनिटांत परतले तेव्हा सिंधुबाई स्टुलावर होत्या तशाच बसल्या होत्या, उजवा हात पदरात गुंडाळून. पदराच्या कडेला काळा डाग होता.

"ग्रीस लागलं का?" सावळीरामांनी विचारले.

"लागलं असंल," त्या म्हणाल्या.

त्यांनी फॉइल लावली, पेटी बंद केली, आणि टेम्पो मुंबईला गेला.

वैशाख वद्यात सिंधुबाई गेल्या. शेकानंतर आतडी धरेनाशी झाली, मग मूत्रपिंडे थांबली. सावळीरामांनी डॉक्टरांना एकच विचारले: आजाराने गेली की उपचाराने? डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "आजारही पुढे गेला होता, आणि शेकही अंगाला जड गेला. नेमकं कशानं, हे मलाही सांगता येणार नाही." ते उत्तर घेऊन सावळीराम घरी आले आणि ते त्यांच्या छातीत राहिले. आपण हात जोडले नसते तर, या वाक्याचा उत्तरार्ध त्यांना कधीच पुरा करता आला नाही.

इकडे मुंबईत पात्राची पोकळी, म्हणजे आतली निर्वात अवस्था, साधेना. पंप दिवसरात्र चालत; पात्र तापवून आतला ओलावा काढला जाई; तरी काही वायू उरेच. साखळ्या मोडत होत्या. पण इलेक्ट्रॉन सोडला तरी मोडत आणि न सोडता तर जवळजवळ तितक्याच मोडत. उज्वलाच्या सरांनी मत दिले की वेल्डिंग गळते आहे. घरगुती माणसांकडून करवून घेतलेल्या कामाचे असेच होते. मार्चअखेर तिची संशोधनाची मुदत संपणार होती. तोवर मोजमापे झाली नाहीत तर पात्र परदेशातून मागवायचे, आणि तिचे तीन वर्षांचे काम दुसऱ्या कोणाच्या हाती जायचे.

हे झुंबरला कळले तेव्हा त्याने हातमोजे आपटले. "माझ्या सांध्यात भोक? मिस्तरी, त्या सायबाला म्हणावं, माझा एक सांधा गळून दाखव, मी आर्गन सोडून भजी तळीन!" सावळीरामांना रात्रंदिवस एकच ध्यास होता: आपला हात लेकीच्या आड आला का?

उज्वलाने प्रत्येक सांध्यावर बाहेरून हेलियम वायू फवारून तो आत शिरतो का ते पाहिले. गळती कुठेच नव्हती. बाहेरचे काही आत येत नव्हते. आतलेच काहीतरी उडत होते. नोव्हेंबरात ती पात्र घेऊन स्वतः अंबडला आली.

सावळीरामांनी हातमोजे चढवले. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब देठाचा छोटा आरसा घेतला आणि एकेक नळी विजेरीच्या उजेडात तपासू लागले. पाच नळ्या निर्मळ होत्या. सहावीत, तोंडापासून चार बोटे आत, वरच्या बाजूला, जिथे सरळ पाहणाऱ्याची दृष्टी पोहोचत नाही अशा जागी, एक काळा ठिपका होता. त्यांनी आरसा जवळ नेला. ठिपक्यात रेषा होत्या, आणि त्या रेषांना मधोमध छेदून गेलेली एक आडवी पांढरी फट.

ती फट त्यांच्या ओळखीची होती. लग्नानंतरच्या तिसऱ्या हंगामात, द्राक्षांचे मणी विरळताना, सिंधूच्या तर्जनीच्या अग्रावर कात्री चालली होती. चिंधी त्यांनीच बांधली होती.

"काय आहे, अप्पा?"

त्यांनी आरसा तिच्या हाती दिला आणि स्टुलावर बसले. उज्वलाने पाहिले. तिचा आरसा धरलेला हात नळीतच थांबला. झुंबर पुढे झाला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "हे तर काजळ." मग त्याला समजले आणि तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला.

हळदकुंकू नको, ते लोकांना दिसते, मुंबईच्या साहेबलोकांत लेकीला खाली पाहावे लागेल, म्हणून नको: सिंधुबाईंनी असाच अर्थ लावला असणार. मग कोणाचा हात जात नाही अशी जागा त्यांनी शोधली. गालावर नाही, तळपायाला. तूप आणि काजळी पात्राबरोबर तापली, पोलादाला धरून बसली, आणि सहा महिने कणाकणाने उडत राहिली.

"तुम्ही तिला सांगितलं नव्हतं का, आत हात लावायचा नाही म्हणून?" उज्वलाने विचारले. स्वरात दोष नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला.

"'नको' म्हणालो होतो. 'का' ते नाही सांगितलं."

उज्वलाने आरसा टेबलावर ठेवला. मग उज्वला म्हणाली, "हे राहू दे, अप्पा. आपण दुसरं करू."

"दुसऱ्याला किती दिवस लागतील ते तुला माहीत आहे."

"मग जाऊ दे माझी मुदत."

"आणि तुझ्या आईनं तीट कशासाठी लावली होती? तुझी मुदत जायला?"

उज्वलाने कॅमेरा काढला. नळीत अंधार इतका आणि आरसा एवढासा, की प्रत्येक चित्रात निव्वळ लखलखाट उतरला. चौथ्यांदा प्रयत्न करून तिने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "माझा हात होणार नाही. तुम्ही करा."

तेव्हा सावळीरामांना आठवले, आणि त्या आठवणीने त्यांच्या चेहऱ्यावर किंचित उजेड आला. "घरी काजळाची डबी आहे. त्या दिवसापासून ती कोणी उघडलेली नाही. तिनं शेवटचं बोट घातलं तो खळगा तिच्यात तसाच असेल. रेषेसकट. हे गेलं तरी ते आहे."

उज्वलाने मान हलवली. त्या एका वाक्याच्या आधारावर दोघांनी पुढचे केले.

सावळीरामांनी दोन्ही लेथ बंद करायला लावले. काठीच्या टोकाला शुभ्र कापड गुंडाळले, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवले आणि नळीत घातले. पहिल्या फिरवण्याने तूप गेले, रेषा राहिल्या. दुसऱ्याने रेषा पुसट झाल्या. आडवी फट सर्वांत शेवटी गेली. पोलादात मुरलेली उरलीसुरली काजळी काढायला बारीक एमरी कागदाने घासावे लागले, आणि कधी एका केसानेही न चुकलेला हात त्यांनी दोनदा बाहेर काढून पुन्हा आत घातला. कापड राखाडी झाले. अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर ते कोणत्याही शेडमधल्या कोणत्याही चिंधीसारखे दिसू लागले.

घरी गेल्यावर त्यांनी डबी उघडली नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, सिंधुबाई ठेवीत तिथेच. एक मूठ धान्य दुष्काळासाठी राखावे तसे त्यांनी ते दर्शन राखून ठेवले. रोज सकाळी चहा ठेवताना ते डबीकडे पाहत आणि तिला हात लावीत नसत.

डिसेंबरात पात्राची पोकळी साधली. फाल्गुनात उज्वला घरी आली ती आलेख घेऊन.

"हे बघा, अप्पा. इथपर्यंतच्या वेगाला काही नाही. रेघ जमिनीवर. इलेक्ट्रॉन येतो आणि माघारी फिरतो. आणि इथून पुढं ती उठते: साखळी मोडायला लागली. साखळीवर दुप्पट भार असेल तर ती बरीच पुढं जाऊन उठते."

"आणि ती मोडली ती इलेक्ट्रॉननंच, उरलेल्या वायूनं नाही, हे कसं ठरवलंत?"

"एकदा इलेक्ट्रॉन सोडून मोजायचं, एकदा बंद ठेवून मोजायचं. वजाबाकी केली की उरतं ते इलेक्ट्रॉनचं काम. आत घाण होती तोवर ती वजाबाकीच जमत नव्हती." 'घाण' हा शब्द तोंडून गेला आणि उज्वला थबकली.

सावळीराम आलेखावरच्या उठलेल्या रेघेवरून तर्जनी फिरवीत होते. मग त्यांनी विचारले, "तुझ्या आईचं असं काढता येईल का गं? आजारानं किती, आणि मी हात जोडले त्यानं किती?"

उज्वलाचे डोळे भरले. "नाही, अप्पा. त्याला आई दोनदा लागली असती."

त्यांनी कागदाची घडी केली. ते काम झाले होते. लेकीचा शब्द पाळला गेला होता. झुंबरला भजी तळावी लागणार नव्हती. मग ते उठले आणि खिडकीतून डबी घेऊन आले. "चल, बघू आता."

झाकण घट्ट बसले होते. त्यांनी ते तळहातात धरून जराशी ऊब दिल्यासारखे फिरवले आणि उघडले.

काजळ काठोकाठ सपाट होते, वाटीत गोठलेल्या तुपासारखे. खळगा नव्हता. ती खिडकी पश्चिमेची होती. सिंधुबाई गेल्या त्या वैशाखाचे ऊन दुपारभर त्या डबीवर पडले होते. तूप वितळले होते आणि श्रावणात पुन्हा, नव्याने भरल्यासारखे, थिजले होते.

उज्वलाला पाहताक्षणी उमगले. सावळीरामांनी डबी उजेडाकडे तिरकी केली, दुसऱ्या बाजूने तिरकी केली. ज्या नजरेला केसाएवढा उंचवटा चुकत नसे ती नजर त्या काळ्या पृष्ठभागावर इंचाइंचाने फिरली.

"उन्हाळा गेला ना मधून," ते म्हणाले.

मग त्यांनी झाकण लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वला मुंबईला निघाली तेव्हा तिने दाराशी चप्पल काढली आणि सवयीने तळपाय पुढे केला. सावळीराम खाली वाकले. डबी त्यांच्या हातात होती. पण त्यांच्या हातून ती उघडली नाही. त्यांनी तिच्या तळव्याला नुसतेच कोरडे बोट टेकवले, आणि तिने पाय चपलेत घातला.